स्विंग कीलची तार वारंवार तुटते, ब्रेक घसरतो: विंच बदलण्याआधी काय तपासायचं

लहान शिडाच्या होडीला स्विंग कील, म्हणजे तळातून खाली सोडता आणि वर घेता येणारं जड पातं, असलं की मुंबईत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, कील वर घेऊन हँडल सोडलं की ती हळूहळू परत खाली जाते. दुसरी, विंचची, म्हणजे कील उचलणाऱ्या हँडलच्या चरखीची, तार मोसमात एकदा तरी तुटते, आणि नवी घातली तरी पुढच्या मोसमात तेच होतं. दोन्ही वेळा दोष विंचच्या माथी मारला जातो आणि नवी विंच येते. काही महिन्यांनी परत तीच रड.

माझं मत स्पष्ट आहे. विंच फिरवताना तारेचं जे नुकसान होतं ते फारच थोडं. खरं नुकसान होडी बांधून ठेवलेली असताना होतं, रोजच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्यांमध्ये, होडीवर कोणी नसताना. ती बाजू सुधारली नाही तर कितीही महागाची विंच आणा, तिचं आयुष्य वाढणार नाही. पण ब्रेक घसरण्याची काही कारणं खरोखर विंचमध्येच असतात आणि ती तपासायला सोपी आहेत, म्हणून आधी तिकडून सुरुवात करू.

ज्यांची होडी नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो. होडीच्या तळात एक उभी अरुंद पेटी असते, ती ट्रंक. तिच्यात बिडाची जड कील पुढच्या टोकाला एका पिनवर लटकते आणि मागचं टोक तारेने वर-खाली होतं. तार कीलच्या मागच्या कडीपासून निघते, एका कप्पीवरून वळते आणि केबिनच्या पायरीखालच्या विंचच्या ड्रमवर गुंडाळली जाते. जगात हा प्रकार सर्वांत ओळखीचा झाला तो कॅटालिना २२ या अमेरिकन होडीमुळे. तिची कील साधारण २५० किलोची. कील खाली असताना होडीला सुमारे ५ फूट पाणी लागतं, वर घेतली की २ फुटांत भागतं. आपल्या उथळ खाड्यांसाठी याहून सोयीची रचना नाही, आणि म्हणूनच ती नीट सांभाळायला हवी.

ब्रेक धरतो कसा

हे एकदा समजलं की निम्मं निदान कानानेच होतं. ब्रेकच्या विंचमध्ये हँडल थेट ड्रमला जोडलेलं नसतं. हँडलचा हब, म्हणजे त्याचा मधला गोल भाग, दांड्यावरच्या आट्यांवर बसतो. वर घेण्याच्या दिशेने फिरवलं की हब बरणीच्या झाकणासारखा आत घट्ट होत जातो आणि दोन घर्षण चकत्यांच्या मध्ये असलेलं दातेरी चाक दाबून धरतो. सगळं एकत्र फिरू लागतं आणि त्या चाकाच्या दात्यांवरून खिटी, म्हणजे वर्कशॉपवाल्यांचा कुत्रा, टक टक करत सरकते. हँडल सोडलं की भार दांडा उलटा फिरवू पाहतो. त्यामुळे हब आणखी घट्ट होतो, खिटी दातेरी चाक अडवते आणि चकत्यांच्या घर्षणावर कील जागच्या जागी थांबते. खाली सोडताना आपण हब थोडा सैल करतो, भार दांड्याला तेवढाच फिरवतो आणि ब्रेक पुन्हा घट्ट करतो. असं घट्ट-सैल होत कील सावकाश उतरते.

यातून दोन गोष्टी निघतात. वर घेताना टक टक आवाज आलाच पाहिजे आणि खाली सोडताना तो येता कामा नये. वर घेताना आवाज थांबला तर तिथेच थांबा. खिटी गंजून चिकटली आहे किंवा तिची स्प्रिंग तुटली आहे, आणि कील फक्त तुमच्या मनगटाच्या जोरावर उभी आहे. हँडल सोडू नका. सोडलेलं हँडल गरगर फिरतं आणि हात मोडतं. दुसऱ्या कोणाला तरी ती खिटी पेचकसाच्या टोकाने दात्यात बसवायला सांगा, चटकन बसली तर ठीक, नाहीतर तसंच हाताने धरून कील सावकाश तळापर्यंत खाली जाऊ द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा ब्रेक भारावर चालतो. तारेवर भारच नसेल तर खाली सोडताना हब नुसता सुटत जातो, ब्रेक उघडा राहतो आणि तार ड्रमवर सैल होत बसते. कील ट्रंकमध्ये चिखलाने अडकली असताना हँडल उलटं फिरवत राहिलात तर अगदी हेच होतं. मग एखादी लाट आली की कील निसटते आणि सैल झालेल्या सगळ्या तारेची लांबी मोकळी पडून झटक्याने थांबते. साध्या उचलण्यात तारेवर कीलच्या वजनाचा एक भागच येतो, कारण बराचसा भार पुढची पिन पेलते आणि पाण्यात बिडाचं वजनही साधारण सातव्या हिश्शाने कमी भरतं. पण तीच कील वीतभर जरी मोकळी पडून तारेने अडवली गेली तर तो भार अनेक पटींनी वाढतो.

आता घसरण्याची कारणं. सर्वांत जास्त सापडणारं कारण म्हणजे चकत्यांना लागलेलं तेल. गंज दिसला की कोणीतरी प्रेमाने स्प्रेची नळी विंचमध्ये घालतं आणि सगळीकडे फवारतं. दाते, बुश (दांडा ज्यात फिरतो ती बाही) आणि हबचे आटे यांना ग्रीस किंवा तेलाचा पातळ थर हवाच. आटे कोरडे पडले तर ब्रेक जाम होतो आणि खाली सोडताना हँडल हलतच नाही. पण चकत्या कोरड्या ठणठणीत हव्यात. तेल लागलं असेल तर विंच खोला, चकत्या बदला किंवा निदान सॉल्व्हंटने धुवून पूर्ण वाळवा, आणि लोखंडी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने एकदा घासा. चकत्या झिजून दीड मिलिमीटरच्या आत आल्या असतील तर मी त्या ठेवत नाही. मोटारीच्या क्लचप्लेटचं अस्तर कापून चकत्या बनवणारे कारागीर आहेत, पण जाडी आणि मधलं भोक तंतोतंत जमलं नाही तर हब पूर्ण घट्ट होत नाही. मूळ मापाच्याच मागवा.

दुसरं कारण इतकं साधं आहे की कोणी तपासत नाही: तार ड्रमवर उलट्या बाजूने गुंडाळलेली. नवी तार घालताना ती ड्रमच्या वरून घ्यायची की खालून, यात गल्लत झाली की हँडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर कील वर येऊ लागते. कील वर येते म्हणून सगळं ठीक वाटतं. पण त्या दिशेने ब्रेक मुळात लागतच नाही. नुकतीच तार बदलल्यावर घसरणं सुरू झालं असेल तर चकत्या उघडण्याआधी हे पाहा. आणि कील पूर्ण खाली असताना ड्रमवर किमान तीन-चार वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. तारेचं टोक धरणारी छोटी क्लिप भार पेलण्यासाठी नसते, भार ते वेढे पेलतात.

एक ठाम विनंती: ब्रेकची विंच काढून तिच्या जागी नुसत्या खिटीची ट्रेलर विंच बसवू नका. दिसायला सारखी असते, स्वस्त असते, आणि खाली सोडताना खिटी उचलली की सगळी कील हातावर येते.

ओहोटीला काय होतं

मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो, मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत तोच दीड-दोन मीटरवर येतो. म्हणजे अष्टमीच्या सुमारास जिथे होडी आरामात तरंगते तिथेच अमावास्या-पौर्णिमेनंतर ती चिखलात बसते. वर्सोवा, मढ, गोराईच्या खाड्या असोत की शिवडीकडची बाजू, तळ बहुतेक मऊ गाळाचा. मऊ आहे म्हणून होडीला इजा नाही असं लोक म्हणतात. होडीच्या तळाला नाही, हे खरं. कीलच्या यंत्रणेला मात्र आहे.

कील अर्धवट किंवा पूर्ण खाली सोडून ठेवली असेल तर पाणी उतरताना तळ तिला वर ढकलतो. तार सैल होते, ड्रमवरचे वेढे सुटतात, एखादा वेढा दुसऱ्याखाली शिरतो किंवा ड्रमच्या कडेवरून घसरून विंचच्या चौकटीत अडकतो. त्याच वेळी गाळ ट्रंकमध्ये दाबून भरला जातो. भरती आली, होडी उठली, पण गाळाने धरलेली कील लगेच खाली येत नाही. ती येते पहिल्या मोठ्या हेलकाव्याला, धाडकन. आणि हे दिवसातून दोनदा. तार एकाच जागी तुटते ती याने: कप्पीवर किंवा कीलच्या कडीपाशी. तुमच्या तुटलेल्या तारेची दोन्ही टोकं जपून ठेवा आणि लांबी मोजा. दोन मोसमांच्या तारा त्याच ठिकाणी तुटल्या असतील तर विंचचा विचार सोडा आणि त्या जागेकडे पाहा.

कील पूर्ण वर घेऊन ठेवली तर हा झटका टळतो, पण दुसरं दुखणं सुरू होतं. सगळा भार चोवीस तास तारेवर आणि ब्रेकवर राहतो. गेटवेसमोर एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचा दिवसभर ये-जा करतात. त्यांच्या लाटांनी होडी डुलते आणि कील ट्रंकमध्ये ठकठकत राहते. प्रत्येक ठोक्याला तार कप्पीवर त्याच अर्ध्या इंचात वाकते.

उपाय जागेवर अवलंबून आहे. सर्वांत मोठ्या उधाणाच्या ओहोटीलाही कीलपेक्षा निदान दोन फूट जास्त पाणी राहत असेल तर कील पूर्ण खालीच ठेवा. तिथे ती स्वतःच्या पिनवर लटकते आणि तारेवर भार जवळजवळ राहत नाही. पाणी आटत असेल तर कील पूर्ण वर घ्या आणि तिचा भार विंचवरून काढा. काही होड्यांत ट्रंकला आडवी पिन घालायची सोय असते. नसेल तर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा एका बाजूच्या क्लीटपासून (दोर बांधायच्या खुंटीपासून) तळाखालून दुसऱ्या बाजूच्या क्लीटपर्यंत घ्या, कीलच्या मागच्या भागाखाली येईल असा, आणि ताणून बांधा. मग विंच अगदी किंचित सैल करून भार पट्ट्यावर येऊ द्या, आणि लगेच एक-दोन टक टक होईपर्यंत परत घट्ट करा, म्हणजे ब्रेक लागलेला राहील. एवढ्या एका पट्ट्याने तारेचं आयुष्य वाढतं, हे मी खात्रीने सांगतो.

चिखलात बसून उठलेली होडी सोडताना आधी अर्धा फेरा उतरवून तार हाताळून पाहा. ताणलेली असेल तर कील मोकळी आहे, पुढे जा. सैल लागली तर तिथेच थांबा, सैल तार परत गुंडाळा आणि होडी दोन्ही बाजूंना डोलवून गाळ सुटतो का बघा. नाही सुटला तर पाण्याचा पाइप किंवा लाकडाची सपाट पट्टी ट्रंकच्या फटीत चालवावी लागते. त्या वेळी तार ताणलेली आणि खालचा पट्टा बांधलेला हवा. कीलच्या खाली किंवा मागे कोणीही असू नये, आणि फटीत हात तर कधीच घालू नका.

तार, टोक आणि कप्पी

तार ५ मिलिमीटरच्या आसपासची, ३१६ ग्रेडच्या स्टीलची आणि ७×१९ बांधणीची घ्या: सात लडी, प्रत्येक लडीत १९ बारीक तारा. डोलकाठी ताणायला वापरतात ती १×१९ तार मजबूत असते, पण ताठ असते आणि कप्पीवर लवकर थकते. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात तार, शॅकल (जोडकडी), थिंबल (तारेच्या डोळ्यात बसणारी खोबणीची कडी) सगळं मिळतं. तिथे लोहचुंबक लावून परीक्षा करायची पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नका. ओढून बारीक केलेल्या स्टीलला थोडं चुंबक लागू शकतं, आणि ३०४ की ३१६ हे चुंबकाने ठरत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात टिकते ती त्यामुळे. टेस्ट सर्टिफिकेट मागा. रे रोडजवळच्या दारुखाना बाजारात जहाजांवरची जुनी शॅकल आणि कप्प्या चांगल्या मिळतात, जरूर बघा, पण जुनी तार कितीही चकचकीत दिसली तरी नको. स्टेनलेसची तार आतून थकते आणि तुटण्याआधी फार कमी इशारा देते.

दुकानदार तारेच्या टोकाला डोळा बांधून देतात तेव्हा फेरूल, म्हणजे तार दाबून धरणारी नळी, बहुतेकदा ॲल्युमिनियमचं असतं. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला चिकटलेलं ॲल्युमिनियम स्वतः खाऊन जातं, पांढरी भुकटी सुटते आणि एक दिवस तार त्यातून सुळकन बाहेर येते. स्टेनलेसचं प्रेस केलेलं टोक सर्वांत उत्तम, तांब्याचं फेरूल चालेल. पण कोणतंही टोक असलं तरी त्याच्या आत पाणी अडकून राहतं, हवा पोहोचत नाही आणि स्टेनलेस तिथेच कुरतडलं जातं. टोकाच्या तोंडाशी तपकिरी डाग किंवा एक जरी तुटलेला तंतू दिसला तर तार बदला. तपासताना सुती फडकं तारेवरून फिरवा, तंतू कापडाला अडकतात. उघड्या हाताने करू नका.

कप्पी फिरते की नाही हे कोणी पाहत नाही, कारण ती अडचणीत असते. मिठाने जाम झालेल्या कप्पीवरून तार घासत जाते, हँडल जड लागतं आणि कप्पीत खोबण पडते. खोबण पडलेली कप्पी नव्या तारेला काही महिन्यांत खाते, म्हणून तार आणि कप्पी एकत्र बदला. तिथून केबिनमध्ये येणारा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपाही त्याच वेळी बघा. तो पाइप पाण्याच्या पातळीखाली सुटला तर होडीत थेट समुद्र येतो.

हँडल कधी जड लागतं यावरूनही पुष्कळ कळतं. कील खालून वर येताना सुरुवात हलकी आणि शेवट जड, हा नेहमीचा क्रम, कारण आडवी होत जाणारी कील पिनपासून लांब भार टाकते. सुरुवातीलाच जड लागत असेल तर कप्पी जाम आहे, पिन धरते आहे किंवा कील अडवणारा लॉकिंग बोल्ट सोडायचा राहिला आहे. शेवटच्या काही इंचांतच अडत असेल तर ट्रंकमध्ये कालवं आणि गाळ आहे. आपल्या कोमट, गढूळ पाण्यात ही वाढ झपाट्याने होते, आणि तिथे जोर लावून काहीच मिळत नाही, होडी वर काढून खरवडावंच लागतं.

शिडावर वेगाने जाताना तळातून घूं असा आवाज येतो, तो सैल तारेच्या थरथरण्याचा. त्याने तार थकते. कील पूर्ण खाली गेल्यावर टक टक ऐकू येईपर्यंत तार जरा ओढून घ्या, आवाज थांबतो.

पावसाळा

होड्या वर ओढल्या की विंच जागेवर सोडू नका. कील लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवा, ठोकळे हलत नाहीत याची खात्री करा आणि मगच तार सोडवा. जॅकवर किंवा चेनपुलीवर लटकलेल्या कीलखाली कोणीही शिरू नये. विंच गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, खिटी आणि स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्या आणि कापडात गुंडाळून घरात ठेवा. कीलची पिन दरवर्षी काढायची गरज नाही. मागचं टोक धरून कील आडवी हलवा. खळखळ जास्त असेल तर पिन काढा, मधोमध झीज पाहा आणि भोक मोठं झालं असेल तर टर्नरकडून बुश बसवून घ्या. दसऱ्याच्या आधी सगळं परत जागेवर यायला हवं, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला वारा वाया जात नाही.

समुद्रात तार तुटली तर

कील खाली असताना तुटली तर घाबरण्यासारखं काही नाही. होडी नेहमीसारखी चालते, फक्त तिला ५ फूट पाणी लागतं. ओहोटी लागली असेल तर खाडीत शिरू नका, खोल पाण्यात नांगर टाका आणि भरतीची वाट पाहा. अगदीच गरज पडली तर तळाखालून दोर घेऊन त्याची दोन्ही टोकं कॉकपिटच्या दोन बाजूंच्या शिडाच्या विंचवर घ्या आणि दोन माणसांनी एकत्र ओढा. कील बरीच वर येते.

कील वर असताना तुटली तर ती झुलून ट्रंकच्या पुढच्या भागावर आदळलेली असते. आधी टॉर्च घेऊन केबिनची फळी उचला. पिनजवळ, ट्रंकच्या पुढच्या कोपऱ्यांत आणि तार आत येते तिथे पाणी झिरपतंय का ते पाहा. झिरपत असेल तर पंप सुरू करा, फटीत कापड आणि पाण्याखाली लागणारी पुट्टी दाबा, आणि भरती असेल तर सरळ जवळच्या मऊ किनाऱ्याकडे होडी न्या.